पल्लवीच्या गोळ्या

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज चार गृहभेटी. खालच्या आळीतल्या जुळ्यांचं वजन वाढलं एकदाचं. तिथल्या म्हातारीनं परत मध चाटवला होता. म्हटलं, "आजी, मध तुम्ही खा, त्यांना आईचं दूध राहू द्या." हसली नुसती. गुटी पण देत असणार, मला कळत नाही का.

घरी आले तर दार सताड उघडं. पल्लवी बाजेवर बसलेली. बाळ शेजारी ओलंचिंब, रडून रडून गप झालेलं, आणि ही भिंतीकडं बघतेय. माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, सत्तावीस दिवस झाले बाळंत होऊन, दुपटं बदलायला पण मावशीच पायजे का?" उठली, दुपटं बदललं, परत बसली.

मग मलाच वाईट वाटलं. सुमनची एकुलती लेक. माझी बहीण असती तर पहिलं बाळंतपण यवतला तिनं केलं असतं. ती नाही म्हणून माहेरपण माझ्याकडं. सासर याच गावात, दोन गल्ल्या सोडून. सोयरीक मीच जमवली. गावची आशा पण मीच. सगळं मीच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

प. झोपत नाही. बाळ झोपलं तरी हिचे डोळे उघडे. डिंकाचा लाडू वाटीत तसाच, मुंग्या लागल्या. मालिशवाली म्हणाली, "हिला वारं लागलंय, कान बांधत जा." कान बांधले. शेक दिला, धुरी दिली, बाळंतशोपा झाल्या.

दुपारी म्हणाली, "मावशी, माझ्या हातनं बाळाला काय तरी व्हईल."

"काय न्हाई होत. पहिलटकरीण हायेस, सगळ्यांना वाटतं असं."

ट्रेनिंगमध्ये हे होतं. बाळंतिणीच्या मनाचं, अख्खी एक दुपार. त्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती आणि मी मागच्या बाकावर पेंगत होते. एवढंच आठवतंय की दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर... पुढं काय ते वहीत बघायला पाहिजे. वही सापडत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

वही सापडली. "आधीपासून मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर गर्भारपणात स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना विचारावं." माझ्याच अक्षरात. खाली रेघ पण मारलीय.

आता लिहूनच टाकते. आमचे हे काही वाचणार नाहीत, पेपरातली हेडिंग सोडून त्यांना वाचायची सवय नाही.

सुमन गेली तेव्हा प. बारावीत होती. जेवण सोडलं, झोप सोडली, कॉलेज सोडलं. दाजींनी पुण्याला नेऊन दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगी माणसात आली. बारावी झाली, बी.कॉम. झाली. डॉक्टर म्हणायचे, चालू ठेवा, कमी करायच्या तेव्हा मी सांगेन. मग सचिनचं स्थळ आलं. रांजणगावला कंपनीत, सुपारीचं सुद्धा व्यसन नाही, घर माझ्या डोळ्यांसमोरचं. दाजी म्हणाले, "मंगल, गोळ्यांचं सांगायला पायजे त्यांना." मीच म्हटलं, "खुळे का काय दाजी? डोक्याच्या गोळ्या म्हटलं की संपलं. लग्न होऊ द्या, मी हाय तिथं."

आणि होतेच मी तिथं. दाजी यवतवरून पाकिटं पाठवायचे. मी ती आशाच्या पिशवीत, लोहाच्या लाल गोळ्यांच्या खाली घालून न्यायचे. पल्लवीची सासू आक्का वसरीवर शेंगा फोडत बसलेली असायची. म्हणायची, "मावशी असावी तर अशी! पोरीच्या रक्ताची केवढी काळजी." मी चहा पिऊन यायचे.

फेब्रुवारीत माझ्याच पिशवीतल्या पट्टीवर दोन रेघा आल्या. नाचायचंच बाकी ठेवलं मी. आणि त्याच दिवशी तिला सांगितलं, "आता त्या गोळ्या बंद. बाळाला बाधतील." ती म्हणाली, "डॉक्टरांना फोन करून विचारू का?" मी म्हटलं, "मी आशा हाय ना." आज दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प.चे गृहभेटीचे फॉर्म राहिले होते. घरातच आहे म्हणून रोज उद्यावर टाकलं. आज सगळे एकदम भरले. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध. आईला ताप नाही, जास्तीचं अंगावर जाणं नाही. खाली आईची इतर काही तक्रार. लिहिलं, काही नाही.

ती समोर बसली होती, हात लांब केला असता तर लागला असता. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मग मला काही तरी करावं लागलं असतं.

गर्भारपणाच्या कार्डावर पण पूर्वीचे आजार : नाही. ते अक्षर पण माझंच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारी सव्वा महिना होतोय. आक्काचा निरोप आला, दिवस चांगला हाय, सून आणि नातू पाठवा.

प. म्हणाली, "मला नको पाठवू मावशी. अजून पंधरा दिवस ठेव."

"लोक काय म्हणतील? दोन गल्ल्यांवर सासर आन् ही मावशीकडं पाय पसरून बसली."

"मग तू त्यांना गोळ्यांचं सांग. मी परत चालू करते. मला कळतंय मावशी, मला तेच झालंय."

मी उठून दार लोटलं. "गप बस," म्हटलं, "कुणी ऐकलं म्हंजी?" शेळी ओरडली तरी दचकले. ती गप बसली. फार लवकर गप बसते ही, तेच मला सोयीचं पडतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड. बाळाला तीट लावली, टोपडं घातलं. चालतच गेलो, पाच मिनिटांची वाट. प. माझा पदर धरून चालली होती, लहानपणी जत्रेत धरायची तसा. आक्कानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यात मी पदर सोडवून घेतला. चार बाया होत्या म्हणून हसत हसत सोडवला.

घरी येऊन बाजेची दोरी ओढून घट्ट केली. दुसरं काय करणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सकाळी आक्का दारात. "मंगल! भाईर ये आधी!"

स्वयंपाकघरातली विळी गेली. मग सुऱ्या. मग सचिनची दाढीची पाती आणि शेळ्यांचा पाला तोडायचा कोयता. दोन दिवस सगळं घर धुंडाळत होते. आज बाजरीच्या कोठीत हात घातला तर बोटच कापलं. सगळं तिथं, एका फडक्यात गुंडाळून पुरलेलं. आणि वर बाळाचं टोपडं.

"ही करणी हाय मंगल. लोखंड, धान्य आन् लेकराचं टोपडं! कुणी तरी माझ्या नातवाच्या मुळावर उठलंय बघ."

मी तिच्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली. कुणी ठेवलं ते मला तेव्हाच कळलं. टोपडं का ते कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आक्का शेळ्या घेऊन गेल्यावर गेले. प. चुलीपाशी. बाळ लांब, पार पलीकडच्या खोलीत झोळीत.

"तूच ठेवलंस का गं?"

"व्हय."

"का पण?"

"बाळाला अंघोळ घालताना विळी दिसली. डोक्यात आलं काय तरी. मी करणार न्हाई मावशी, आईशप्पत. पण दिवसातनं शंभरदा येतंय. म्हणून पुरून टाकलं. टोपडं वर ठेवलं. म्हंजी कवा हात घातलाच तर आधी त्याचं टोपडं हाताला लागंल आन् मी थांबंन."

ती रडली नाही. रडले मी. ती म्हणते, "डोळे पूस, आक्का येतील."

एवढी आजारी पोर, आणि बाळाला जपायची अक्कल तिला होती. मला नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आक्काचं ठरलं होतं, गुरुवारी अमावस्या, देवऋषीकडं जायचं. मी जाऊन बसले. म्हटलं, "देव कुठं पळून जात न्हाई आक्का. आधी दवाखाना."

"डोक्याच्या डॉक्टरकडं? माझी सून काय येडी हाय व्हय?"

"येडी न्हाई. बाळंतपणात होतं कुणाकुणाला. आजारच हाय तो, काविळीसारखा." ट्रेनिंगमधलं सगळं घडाघडा बोलले. किती हुशार मी.

सचिन नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे लाल. म्हणाला, "मावशी म्हणत्यात तर जाऊ. मंगळवारी मला सेकंड शिफ्ट हाय, सकाळी मोकळाच हाय." आक्का पुटपुटली, पण मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शिरूरला दवाखान्यात. मनाच्या डॉक्टरबाई मंगळवारी असतात. वय लहान, आवाज हळू. प.नं विळीचं सगळं सांगितलं, आक्काच्या समोर. आक्काचा हात तोंडावर गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. हिला बाळ नकोय असं नाही. त्याला काही होईल ही भीतीच एवढी आहे की तिनं सगळं लपवून ठेवलं. औषधानं बरं होतं हे."

आक्का खाली बघत म्हणाली, "करणी न्हाई मग?"

"नाही आजी."

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं का? काही औषध चालू होतं? नीट आठवून सांगा, त्यावरच पुढचं ठरतं."

प.नं माझ्याकडं बघितलं. सचिन बघत होता, आक्का बघत होती.

मी म्हणाले, "न्हाई मॅडम. पहिल्यांदाच."

प.नं मान खाली घातली. मग ती पण "न्हाई" म्हणाली. तिला काय बोलायचं ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

पहिलीच वेळ धरून कमी ताकदीची औषधं दिली. एकटी सोडू नका, रात्री बाळ दुसऱ्यानं बघा, तिची झोप होऊ द्या. आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं, घरी जाईपर्यंत तोंडानं घोकत होती. बाजारात सुनेसाठी डाळिंबं घेतली, दोन माझ्या पिशवीत टाकली. "तू हुतीस म्हणून गं." ती शेजारच्या पोरांना दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पीएचसीत मीटिंग. आम्हा आशांवरच्या गटप्रवर्तक मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंगलताईंनी केस ओळखली आणि वेळेत आणली. शिका जरा." टाळ्या. मला उभं केलं, अनुभव सांगा म्हणून.

सांगितला की. वर तोंड करून म्हणाले, "घरच्यांनी डॉक्टरपासून काही लपवू नये." जळो मेलं हे तोंड. सगळ्याजणी लिहून घेत होत्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज वही उघडायची नव्हती. तरी लिहिते.

दुपारी आक्का दोन मिनिटं मागं धारेला गेली. तेवढ्यात प.नं बाळ शेजारणीच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "जरा धरा, माझ्यापाशी ठेवण्यापरीस तुमच्यापाशी बरं." आणि गेली. चपला दारातच. शेजारीण बाई भोळी, तिला वाटलं परसाकडं चाललीय.

मला फोन आला तेव्हा मी लसीकरणाच्या यादीत डोकं घालून बसले होते. पळत सुटले. विहिरीकडं आधी गेले. विहिरीकडंच का गेले ते इथं लिहायचं नाही मला. वाकून बघितलं. पाणी होतं नुसतं.

सचिन फर्स्ट शिफ्ट सुटून गाडीवरून गावाकडं येत होता. फोन झाल्याबरोबर तसाच गाडी दामटत शिरूरला स्टँडवर गेला. कुणी तरी तिला वडापच्या जीपमध्ये बघितलं होतं. सापडली. यवतच्या वाटेवरच्या चौफुल्याच्या एसटीत, खिडकीशी. कंडक्टर तिकिटाचं विचारत उभा, आणि हिच्याकडं पर्सच नाही.

सचिननं विचारलं, "कुठं निघालीस?"

"आईकडं."

सुमनला जाऊन सात वर्षं झाली. यवतला दाजी आहेत, प.चा भाऊ आहे, वहिनी आहे. ती वडलांकडं म्हणाली नाही.

सचिननं तिला मागं बसवून तिच्याच ओढणीनं स्वतःला बांधून घेतलं, पडू नये म्हणून. तसं आणलं गावात. सगळ्यांनी बघितलं. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. दवाखान्यात फोन केला, एक क्षण एकटी ठेवू नका, उद्या सकाळीच आणा म्हणाले. आक्का दाराला आडवी घोंगडी टाकून बसलीय.

मी दाजींना फोन केला. "पल्लवीची जुनी फाइल घेऊन उद्या सकाळी शिरूरला या." आधी 'येतो' म्हणाले. मग म्हणाले, "मी तवाच म्हणलो हुतो मंगल."

यांना पण सगळं सांगितलं. हे म्हणाले, "सांगितलंस तर गावात तुझं नाव राहणार न्हाई." मी म्हटलं, जाऊ दे नाव. म्हटलं तर खरं. सकाळी तोंड उघडेल का काय माहीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं.

"मॅडम, मागच्या वेळी मी खोटं बोलले." फाइल टेबलावर ठेवली. त्या पानं उलटत होत्या.

"औषध बंद करायला कुणी सांगितलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाई."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "गर्भारपणात देता येतात अशी औषधं असतात. गरज पडली तर बदलून देता आलं असतं. नुसतं विचारायचं होतं." मग प.ला, "या गोळीनं तुला तेव्हा बरं वाटलं होतं ना? परत तीच सुरू करू. दूध पाजता येईल, बाळाकडं आपण लक्ष ठेवू." प. म्हणाली, "व्हय मॅडम, हीच." किती दिवसांनी तिचा आवाज तिच्यासारखा आला. भरती करायचं का त्यावर बोलणं झालं. घरची माणसं चोवीस तास जवळ राहणार असतील तर घरी, दर दोन दिवसांनी फोन, आठवड्यानं परत यायचं. जरा जरी बिघडलं तर थेट दवाखान्यात.

बाहेर बाकावर आक्का. माझ्याकडं न बघता.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"लगीन ठरायच्या आधीपासनं?"

"व्हय."

"आन् त्या लाल गोळ्या?"

काय सांगू?

"गोळ्या खाणारी सून केली असती का न्हाई, ते माझं मी बघितलं असतं. कदाचित न्हाई केली असती. पण माझ्या वसरीवर बसून, माझा चहा पिऊन, तू मला येड्यात काढत हुतीस मंगल. आन् मी त्या दिवशी देवऋषीकडं निघाले हुते. तू मला ज्ञान शिकवत हुतीस!"

दाजी रुमाल तोंडाला लावून भिंतीकडं बघत उभे राहिले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आक्कानं पल्लवीला आणून सोडली. "बरी होईस्तोवर हिला तू बघ. तुझंच काम हाय ते. नातू माझ्यापाशी राहील." बाळ आणलंच नाही. मी म्हटलं, "आक्का, पाजायचं कसं?" ती निघून पण गेली. सचिन मान खाली घालून तिच्या मागं.

प.ची छाती भरून येते, ब्लाउज भिजतं. दोन गल्ल्यांवरचं रडणं इथं ऐकू येत नाही. ती म्हणते येतं.

गावात सगळीकडं झालं. मागच्या वर्षी जिच्या पोरीची सोयरीक मी जमवली ती बाई खास विचारायला आली, "आमच्या जावयाचं काय झाकलं न्हाईस ना गं?" नाही झाकलं. पण आता कुठल्या तोंडानं सांगू.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सचिन बाळाला आणतो. कुणाला न सांगता त्यानंच सुरू केलं. शिफ्टला जायच्या आधी आणि आल्यावर, शालीत गुंडाळून, चालत. मधल्या वेळचं दूध मी काढायला शिकवलं, तेही तोच नेतो. प. पाजते तेव्हा मी जवळ बसते, डॉक्टरबाईंनी तसं सांगितलंय. आज बाळ पिता पिता झोपलं. प.नं त्याच्या पायाला हात लावला. किती दिवसांनी.

जाताना सचिन थांबला. "मावशी, मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

"माहीत न्हाई रे."

"मला पण न्हाई माहीत. पण मला विचारायला पायजे हुतं."

चहा टाकला होता. घेतला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पीएचसीत लेखी दिलं. फॉर्म न विचारता भरले, आजार लपवला, औषध बंद करायला सांगितलं. मेडिकल ऑफिसरनी दोनदा वाचलं. म्हणाले, वर कळवावं लागेल, तोवर काम चालू ठेवा. सिस्टर माझ्याशी बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

दुपारी वाडीवर गृहभेट. मी बाहेर असले की हे प.पाशी थांबतात. बाळंतिणीच्या सासूला म्हटलं, जरा बाहेर बसा. मग पोरीला विचारलं, कसं वाटतंय तुला? म्हणाली, बरं हाय. मी थांबले, परत विचारलं. परत तेच. सासू बाहेरून ओरडली, "काय कुजबुज चाललीय?" खरंच बरं असेल तिचं. गुरुवारी परत जाणार आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

परवाच्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, सुधारतंय, पण घाई नको. काल रात्री प. साडेचार तास सलग झोपली. मी मोजत बसले होते.

आज आक्का स्वतः बाळाला घेऊन आली, सचिन ओव्हरटाइमला थांबलाय म्हणून. वाडीवरून आले तोवर ती अंगणात उभी. माझ्याकडं बघितलं नाही. प.च्या ओटीत बाळ ठेवलं. "पाज. मी हाय हितं."

बाजेवर तिच्या शेजारीच टेकली. थोड्या वेळानं विचारते, "गोळी घेतलीस का?"

"व्हय."

"जेवणाआधी का नंतर?"

"नंतर."

"मग बरोबर."

माझ्या ताटलीतले लाडू दोघींनी घेतले नाहीत. आक्का पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून तिला देत होती, ती खात होती. मी चुलीपाशी उगीच भांडी इकडची तिकडं करत राहिले. निघताना प.नं विचारलं, "उद्या आणाल ना?"

"बघू. थंडी लई हाय."

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बाळ आलं नाही. दुपारी पण नाही. फोन करू का म्हटलं, प. म्हणाली, नको.

चार वाजता मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली. रागात नव्हती. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी डॉक्टरसमोर न्हाई का म्हणलीस?"

"तुझा संसार मोडू नये म्हणून गं."

"माझा?"

"मग कुणाचा? तुझाच."

ती उठून दारात जाऊन उभी राहिली. आणि मी तांदळातला खडा हातात धरून तशीच बसले. एवढं सगळं झालं, पोर एसटीत बसून आईकडं निघाली, तरी आज परत खोटं बोलले. तेही तिच्याशी. मंगलनं जमवलेलं लग्न मोडलं असं कुणी म्हणू नये, आशाताईच्या घरातच असं निघालं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी न्हाई म्हणाले होते. तिचा संसार मला आठवला सुद्धा नव्हता तेव्हा.

ताट ठेवून दारात गेले. तिच्या पाठीला म्हटलं, "पल्लवी, माझ्या नावासाठी म्हणले मी. तुझ्यासाठी न्हाई."

ती वळली नाही. रस्त्याकडं बघतच म्हणाली, "माहीत हाय मला. तू म्हणतीस का, तेवढंच बघायचं हुतं."

आता साडेसहा वाजले. बाळ अजून आलेलं नाही. ती दारातच उभी आहे, अंगावर शाल पण नाही. शाल घेऊन जावं, का तशीच लांब बसून राहावं, ते मला कळत नाही.